मायची डोसा भट्टी

तणसाचा ट्रॅक्टर गेला की माझ्या गल्लीत दिवसभर काड्या उडत राहतात. मी राहते गोंदिया शहरात, इथं धानाचं तसं काही काम नाही. पण पलीकडच्या बोळात म्हशीवाले आहेत आणि दर हिवाळ्यात त्यांच्याकडे तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग येऊन पडतात. आज सकाळी शाळेला निघाले तर स्कूटीच्या सीटवर, आरशात, फाटकाच्या कडीत, सगळीकडे त्याच पिवळ्या काड्या. एक उचलून नाकाशी धरली आणि झालं. पहिल्या तासाला मी मुलांना काय शिकवलं, ते मुलांनाच विचारा.

नव्या तणसाचा वास कसा असतो, हे मला कधीच नीट सांगता आलेलं नाही. थोडा गोडसर, थोडा धुळीचा, आणि त्यात कुठं तरी धानाच्या बांधीतल्या आटलेल्या पाण्याचा. तो वास आला की मानेला आपोआप खाज सुटते. लहानपणी धान चुरताना, म्हणजे मळणीला, बैलांच्या मागं मागं फिरायचो, तेव्हा धानाची कुसं गळ्यात जायची आणि रात्री आंघोळ करूनही जायची नाहीत. आता बैल नाहीत, मशीन येते. तिची घरघर दोन बांध्या पलीकडून ऐकू येते आणि तिच्या तोंडातून उडणारा भुसा उन्हात कितीतरी वेळ तरंगत राहतो. खाज मात्र तीच आहे, तिच्यात काही सुधारणा झालेली नाही.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अंगाला. त्यामुळं आमच्या चुरण्याच्या मोसमात आणखी एक घरघर मिसळलेली असते, ती वरून येणारी. शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात. खाली येतात, धावपट्टीला टेकतात न टेकतात तोच पुन्हा उठतात. बांधीत वाकलेल्या बाया मान वर करून पाहतात आणि पुन्हा विळा चालवतात. मायचा त्या विमानांवर फार जीव. एखादं विमान फार वेळ घिरट्या घालत राहिलं की ती म्हणते, "पोरगं भेऊन राहिलं बिचारं. उतरू का नोको उतरू, असं करून राहिलं."

पण आज मला सांगायचंय ते गेल्या वर्षीच्या चुरण्याबद्दल. तो मोसम मी काही केल्या विसरणार नाही, आणि कुणी विसरतो म्हटलं तर विसरूही देणार नाही.

आमच्या घरी एक रीत आहे. चुरणं संपलं की शेवटच्या दिवशी कापणाऱ्या, भारे वाहणाऱ्या, मशीनवर राबणाऱ्या सगळ्यांनी आमच्या अंगणात बसायचं आणि नव्या तांदळाचे, धिरड्यासारखे चिले खायचे. हलकं धान आधी निघतं, त्याचे तांदूळ गिरणीतून काढून आणायचे, पीठ करून भिजवायचं, आणि भारी धान चुरून झालं त्या दुपारी तव्यावर चिले टाकायचे. सोबत भेदऱ्याची, म्हणजे टमाट्याची, पाट्यावर वाटलेली चटणी. तिच्यात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सांबार. पुण्याच्या पाहुण्यांना सांगावं लागतं की आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर ते वाटी घेऊन बसतात. गावात ही रीत दुसऱ्या कुणाच्या घरी नाही. माय लग्न होऊन आली आणि तिनंच ती सुरू केली. आमच्या घरात वर्षभर जे काही होतं, ते बाबांचं किंवा माझ्या भावाचं, विलासचं असतं. हा एक दिवस मायचा असतो.

गेल्या वर्षी तो दिवसच जायची वेळ आली होती.

झालं असं की पावसाळ्यातच मायच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्यात चुलीच्या धुराचा खोकला. डॉक्टरांनी साफ सांगितलं की खाली बसायचं नाही आणि चुलीसमोर तर मुळीच बसायचं नाही. घरातला रोजचा स्वयंपाक गॅसवरच होतो, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न चुरण्याच्या जेवणाचा होता. एवढ्या माणसांचे चिले घरातल्या शेगडीवरच्या इवल्याशा तव्यावर करायला बसलं तर सकाळी सुरू केलेलं काम दिवे लागेपर्यंत चालेल. विलासनं त्यावर सोपा तोडगा काढला. तो म्हणाला, यंदा गोंदियाहून पुरी-भाजीची पाकिटं आणू, प्रत्येकाच्या हातात एकेक देऊ, कुणाला त्रास नाही.

विलास वाईट नाही. आईला त्रास होऊ नये असंच त्याला वाटत होतं. पण काही लोकांच्या काळजीनं माणूस जास्त आजारी पडतो, त्यातला तो आहे.

 मायनं दुसऱ्या दिवशी मला फोन केला. पाचसहा इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग म्हणाली, "इलास पाकिटं आनतो म्हनते. मंग मी कायले आहो अठी?"

तिचा आवाज अगदी साधा होता, रडका वगैरे नाही.  मला मात्र फोन ठेवल्यावर राग आला होता, आणि नेमका कुणाचा ते कळत नव्हतं.

त्या रात्री मला मायचा तो कोपरा आठवत राहिला. मागच्या अंगणात, भिंतीला लागून टिनाची छपरी आणि तिच्याखाली चूल. धूर भिंतीनं वर जावा म्हणून चूल भिंतीशी बांधलेली. त्यामुळं रांधणारीचं तोंड भिंतीकडं आणि पाठ सगळ्या जगाकडं. भिंत इतकी काळी की मी लहानपणी तिच्यावर बोटानं बाराखडी लिहायचे. चुरण्याच्या जेवणाला माय तिथं बसायची. एक तवा, एका वेळी एक चिला. मागून ताटल्या यायच्या. कोण आलंय हे ती आवाजावरून ओळखायची, आणि मान न वळवता विचारायची, "आनखी एक?"

आनखी एक? आनखी एक? सगळी दुपार तेच. अंगणात हसणं, भांडणं, मशीनवाल्याची थट्टा, आणि कोपऱ्यातून दर थोड्या वेळानं तो प्रश्न. गड्यांचं झालं की बायांचं, बायांचं झालं की आमचं, आणि ऊन भिंतीवरून उतरलं की मायचं. तोवर चिला गार होऊन चामड झालेला असायचा आणि चटणी पाट्यावर पुसून घ्यावी लागायची. यावर डोळे पुसत लिहिण्याची मला हौस नाही. माय काही बिचारी नव्हती. त्या कोपऱ्यात बसून तिनं भल्याभल्यांची खरडपट्टी काढलेली आहे, तीही भिंतीकडं तोंड करून. पण तिनं अंगणातली ती दुपार कधी पाहिली नव्हती, हे खरं आहे. नुसती ऐकली होती.

मार्ग काढला तो रजनीनं. रजनी म्हणजे विलासची बायको. दिवसभर तिच्या एका हातात मोबाईल असतो म्हणून बाबा कुरकुरतात. त्याच मोबाईलवर तिला एक व्हिडिओ दिसला. कुठल्या तरी परदेशात एक गोरा बाप्या अर्धी चड्डी घालून घराच्या मागच्या अंगणात उभा आहे, त्याच्यासमोर कमरेएवढ्या उंचीचा, खाटेएवढा लांबरुंद तवा आहे, खाली गॅस आहे, आणि तो एकाच वेळी अंडी, कांदे, भाकरीसारखं काहीतरी असं सगळं भाजतो आहे. त्या दिवशी मी गावी गेले होते. रजनीनं मोबाईल मायसमोर धरला. माय चष्मा लावून पाहत राहिली.

"हा मानूस उभा राहून रांधून राहिला!" ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अना हासून पन राहिला."

मग मोबाईल रजनीच्या हातात देऊन तिनं विचारलं, "असा तवा गोंदियात भेटते का वो?"

बाबा ओसरीवर बसून दोरी वळत होते. त्यांनी तिथूनच निकाल दिला. "गॅसवरच्या चिल्ल्याले धुराचा वास नाई. तो चिला नोहे, कागद होय."

माय म्हणाली, "धूर तुमी खाल्ला का मी खाल्ला?"

दोरी वळणं तसंच चालू राहिलं, पण जरा हळू.

मग आमच्या घरात तवा निवडण्याचं पर्व सुरू झालं. लोक पोरीला स्थळ पाहतात तेव्हा इतकी चर्चा करत नाहीत. विलासला मोबाईलवरून मागवायचा होता, चाकांचा, झाकणाचा, चकचकीत. मायनं ते एका वाक्यात मोडीत काढलं, "हात लावल्याबिगर वस्तू कशी घ्यावं?" धान वाळलं की नाही हे ती दाणा दाताखाली धरून सांगते. मडकं वाजवून घेते. तिला फोटो दाखवून तवा विकणं शक्यच नव्हतं. तेव्हा एका सोमवारी, मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि विलास, माय आणि मी, तिघं गोंदियाच्या बाजारात हॉटेलांची भांडी विकणाऱ्या दुकानात गेलो. मायच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत एक घट्ट झाकणाचा डबा. मी विचारलं तर म्हणाली, "हाय काईतरी."

दुकानदार सेठ अगत्याचा माणूस होता. गोंदियातले सगळे सेठ बोलतात तशा हिंदीत म्हणाला, "आइए माताजी, डोसा भट्टी चाहिए ना? ये देखिए, पूरा स्टील, एकदम चकाचक." अशा रीतीनं आम्हाला कळलं की आम्हाला जे हवं आहे, त्याला डोसा भट्टी म्हणतात. आमच्या चिल्ल्याचा तसा हा अपमानच, पण बाजारात जे नाव चालतं तेच घ्यावं लागतं.

मायनं स्टीलच्या तव्यावर बोटाची पेरं आपटली. "पातर हाय. तपला का पोट फुगवते." मग सेठकडं पाणी मागितलं. त्याला वाटलं प्यायला. तिनं ते तव्यावर ओतलं आणि ते कुठं वाहतं ते पाहत राहिली. पाणी एका कोपऱ्यात जमा झालं. माय माझ्याकडं पाहून नुसती "हं" म्हणाली. विलास इकडं तिकडं पाहू लागला.

आणि मग तिनं डबा उघडला.

"ये क्या है माताजी?"

"पीठ होय. चिल्ल्याचं."

"दुकान में?"

"मंग का रस्त्यावर? जोडा गॅस. एक चिला टाकून पायतो, मंग घेतो."

सेठनं विलासकडं पाहिलं. विलासनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मला हसू आवरत नव्हतं आणि त्याच वेळी तिचा अभिमानही वाटत होता. सेठच्या दुकानात आजवर कुणी स्वतःचं पीठ घेऊन आलं नसावं. पण मायचा चेहरा असा होता की नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्यानं नोकराला हाक मारून सिलिंडर जोडायला लावला.

स्टीलवर चिला चिकटला. असा चिकटला की सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, खरवडून काढावा लागला. सेठ म्हणाला, तेल कम पडा. दुसऱ्यांदा तेल घातलं, तरी कडा तेवढ्या सुटल्या, मधला भाग तव्यावरच राहिला. मग त्यानं न चिकटणारा काळा गुळगुळीत तवा दाखवला. मायनं सराटा उचलताच त्यानं तिचा हात धरायचाच बाकी ठेवला. "लोहे का नहीं चलेगा माताजी, खरोंच पडेगी, लकड़ी का लीजिए." मायनं सराटा खाली ठेवला आणि तव्याकडं अशी पाहू लागली की मला त्या तव्याची दया आली. "ज्या तव्याले सराटा लागू देत नाई, तो तवा कायचा?"

दुकानाच्या मागच्या बाजूला, पोत्यांच्या आड एक भट्टी धूळ खात उभी होती. जाड लोखंडी पाटा, रंग ना चकाकी. दोन बर्नर, दोन्हींच्या कळा वेगवेगळ्या. कडेला तेल वाहून जायला पन्हळ. मायनं पेरं आपटली. आवाज घट्ट आला. पाणी ओतलं, ते जिथल्या तिथं थरथरत राहिलं. मग ती भट्टीसमोर सरळ उभी राहिली, कोपर वाकवलं आणि हात तव्यावर फिरवल्यासारखा केला. कंबर वाकली नाही. गुडघेही वाकले नाहीत. तशीच ती थोडा वेळ उभी राहिली. मला वाटतं, भट्टी तिनं तेव्हाच घेतली होती. पुढचं सगळं सेठसाठी होतं.

कोऱ्या लोखंडावर चिला लगेच सुटत नाही, हे तिला माहीत होतंच. आधी भट्टी पुसून घेतली, तापवली, कांदा मागितला, अर्धा कापून तेलात बुडवून तव्यावर रगडला. दुकानभर वास सुटला. पहिला चिला वाया गेला. दुसरा फाटला. आता स्टीलवालीच खपेल, अशी थोडी आशा सेठच्या चेहऱ्यावर दिसू लागली. तेवढ्यात मायनं सांगितलं, "पंखा लावा."

"गर्मी हो रही है?"

"आमचं आंगन मोकळं हाय. वारा येते. जाळ कसा करते ते पायतो."

उभा पंखा भट्टीकडं तोंड करून लावला. जाळ एका बाजूला झोपला. मायनं हातानं तीन बाजू दाखवल्या, अठी, अठी अना अठी पत्रा पाहिजे. सेठनं शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून आडोसा करून देतो म्हणून कबूल केलं. तोवर तवा चांगला तापला होता. तिसरा चिला टाकला. कडा वर उचलल्या, जाळी पडली, मायनं सराटा खाली सरकवला आणि चिला एका बोटानं ढकलल्यासारखा सुटला. उलटून टाकला तर एकसारखा तांबूस. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं टाळी वाजवली, खोटं सांगत नाही.

मायनं त्या चिल्ल्याची चौघडी केली आणि कागदावर ठेवून सेठसमोर धरली. त्यानं फुंकर घालत खाल्ला. ती त्याच्याकडं पाहत होती.

"आनखी एक?" तिनं विचारलं.

सेठनं कागद पुढं केला. भाव-ताव विलासनं केला आणि तो स्वतःला मोठा हुशार समजत होता, पण भाव त्या दुसऱ्या चिल्ल्यानंच पडला होता.

भट्टी छोटा हत्ती टेम्पोतून गावात आली तेव्हा चुरणं संपायला एकच दिवस उरला होता. पोरं मागं धावली, बाया दारात आल्या. मायची जुनी मैत्रीण शेवंताकाकू कापणीला सगळ्यांच्या पुढं असते, तसंच बोलण्यातही. ती भट्टीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बाई, हे तर खाट होय. निजाचं का रांधाचं?" संध्याकाळी विलास आणि दोघा गड्यांनी भट्टी उचलून मागच्या अंगणात नेली आणि जागेवर ठेवली. पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले, मायनं पुन्हा पाणी ओतून पाहिलं, सगळं बरोबर होतं. आम्ही सगळे खूश होऊन झोपलो.

सकाळी मी चहा घेऊन मागं गेले तर माय भट्टीसमोर उभी होती, हात तव्यावर फिरवून पाहत होती. तिच्या नाकासमोर ती काळी भिंत होती.

आम्ही भट्टी छपरीखालच्या कोपऱ्यात ठेवली होती. चुलीच्या जागी, भिंतीला लागून, तोंड भिंतीकडं. कुणी ठरवलं नव्हतं. त्यात विलासला काही वावगं वाटलं नाही, गड्यांना वाटलं नाही, मला, जी एवढं सगळं आठवून रागावले होते त्या मलाही वाटलं नाही, आणि मायला तर नाहीच. अंगणातल्या स्वयंपाकाची जागा म्हणजे ती, एवढंच आमच्या हातापायांना ठाऊक होतं. इतका पारखून आणलेला तवा आम्ही धूर नसतानाही धुराच्या कोपऱ्यात नेऊन उभा केला होता.

रजनी मागून आली, पिठाचं भगुणं कडेवर घेऊन. तिनं भट्टीकडं पाहिलं, छपरीकडं पाहिलं.

"आई, हे अठी काऊन ठेवली?" ती म्हणाली. "धूर तर होतच नाई."

 बाबा दातून चघळत उभे होते, त्यांनी मायकडं पाहिलं आणि म्हणाले, "मंग का मधात ठेवाची? येणारेजाणारे पायतील."

माय वळली. भिंतीकडं तिची पाठ झाली आणि तिच्यासमोर ते सगळं अंगण होतं, शेणानं सारवलेलं, कडेला तणसाची गंजी, मधे आवळ्याचं झाड आणि त्याच्याखाली कोवळं ऊन.

"पायतील तर पाहू द्या," ती म्हणाली. "इलास, उचल."

तो क्षण मी अजूनही कधी कधी स्कूटीवरून जाताना पुन्हा पाहते आणि एकटीच हसते. चौघांनी भट्टी उचलली. आडोशाचा पत्रा खडखडला. कोंबड्या बाजूला पळाल्या. भट्टी आवळ्याखाली, अंगणाच्या मध्यावर टेकली आणि माय तिच्यामागं जाऊन उभी राहिली, सगळ्यांकडं तोंड करून.

दुपारी मशीनची घरघर थांबली. अंगात भुसा, डोक्याला दुपट्टे, पदर कमरेला खोचलेले, असे सगळे हातपाय धुऊन आले आणि पंगत बसली. नव्या तांदळाचं पीठ फार चिकट असतं म्हणून मायनं त्यात मूठभर जुनं पीठ मिसळलं होतं. मी आणि रजनी वाटीनं ओतत होतो, माय सराटा चालवत होती. एका वेळी सहा चिले. सहा! ज्यानं एकेक चिल्ल्याची वाट पाहत ताटली धरून उभं राहण्यात लहानपण काढलं आहे, त्यालाच या सहाचा अर्थ कळेल. पहिला घास आणि शेवटचा घास यात कुणी थांबलं नाही. सगळ्यांनी एका वेळी खाल्लं, गरम खाल्लं. खाली आलेलं विमान अंगणावरून घरघरत गेलं तेव्हा मायनं सराटा हातात धरूनच मान वर केली. छपरीखालून तिला ते कधी दिसलं नसतं.

आणि ती लोकांना पाहत होती. मला ते उशिरा लक्षात आलं. ज्यांना ती इतकी वर्षं आवाजावरून ओळखत आली, ती माणसं जेवताना कशी दिसतात हे ती पहिल्यांदाच पाहत होती. मधेच मला कोपर मारून म्हणाली, "शेवंता पाय कशी चटनीत बुडवून बुडवून खाते. मले मालूमच नोव्हतं." मशीनवाला चिल्ल्याची गुंडाळी करून खात होता, ते पाहून ती पोरीसारखी खुदकन हसली. आणि मग तिची नजर बाबांवर गेली. बाबा पंगतीच्या टोकाला बसले होते, मान खाली घालून, अगदी मन लावून जेवत होते. ताटली रिकामी झाली. त्यांनी वर पाहिलं तर समोर माय.

"कागद कसा लागून राहिला?" तिनं तिथूनच विचारलं.

सगळं अंगण हसलं. बाबाही हसले, मिशीतल्या मिशीत, आणि ताटली पुढं केली.

यंदा ती भट्टी काळीभोर झाली आहे, तेल पिऊन गुळगुळीत. विहारातल्या कार्यक्रमाला नेली होती, एका लग्नाच्या हळदीला नेली होती. नेणाऱ्याला माय बजावून सांगते की मोकळ्या जागेत ठेवा, भिंतीशी ठेवू नका. का ते सांगत नाही. कोपऱ्यातली चूल अजून आहे, तिच्यावर आंघोळीचं पाणी तापतं. विलासला पाकिटांची आठवण दिली की तो विषय बदलतो. काल रजनीचा फोन आला, परवा चुरणं संपतंय, ताई ये. मी रजेचा अर्ज टाकून आले आहे. तणसाची ती काडी अजून माझ्या पर्समध्ये आहे.

पण मला जे सांगायचं होतं ते त्या दुपारच्या शेवटाचं. पंगत उठत आली होती, ऊन अजून आवळ्यावरच होतं. भगुण्यात पीठ उरलं होतं. शेवंताकाकूनं हात धुतले, पदराला पुसले आणि मायच्या काखेत हात घालून तिला सरळ पुढं ढकललं. "बस वो बाई आता तू. सारे बसले, तूच बाकी हायस."

"बसतो नं मंग, भांडे..."

"भांडे गेले चुलीत. बस."

गुडघ्यांसाठी खुर्ची आणली. माय खुर्चीत बसली, मांडीवर ताटली घेऊन, बायांच्या मधोमध. नुसतं बसायचं आणि वाट पाहायची, हे तिला जमत नव्हतं. तिचे हात ताटलीच्या कडेवरून फिरत राहिले. रजनीनं वाटी भरली आणि सराट्याकडं हात नेला, तर सराटा तिथं नव्हता.

तो बाबांनी उचलला होता.

माझ्या बाबांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला मी पाहिलेला नाही. त्यांनी दुपट्टा कमरेला बांधला, रजनीच्या हातून वाटी घेतली आणि तव्यावर पीठ ओतलं. चिला गोल झाला नाही, कुठल्याच आकाराचा झाला नाही.  गडी, बाया, मशीनवाला, सगळे पाहत होते, आणि बाबांना ते कळत होतं, तरी ते वाकून चिल्ल्याच्या कडा उचलत राहिले. उलटताना एक तुकडा तुटला, तो त्यांनी सराट्यानं जागेवर सरकवला. मग तो चिला, तुटक्या तुकड्यासकट, मायच्या ताटलीत आणून टाकला. वाफ निघत होती.

मायनं घास मोडला, चटणीत बुडवला, अगदी शेवंताकाकूसारखा, आणि खाल्ला. मग एकेक घास करत सगळा चिला संपवला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होतो. बाबा सराटा धरून उभे होते.

"काठ कच्चा हाय," ती म्हणाली. मग रिकामी ताटली समोर धरली.

"आनखी एक."